तरंगू पाहणारी इमारत

एक बादली पाण्याने भरून घ्या आणि स्वयंपाकघरातलं रिकामं, सपाट बुडाचं पातेलं त्यात ठेवा. ते तरंगेल. आता दोन्ही तळव्यांनी ते सरळ खाली दाबा. पहिलं बोटभर सहज जातं. मग हात थबकतो. खालून कुणीतरी तितक्याच जोराने वर ढकलतंय असं वाटायला लागतं. पातेल्याचा व्यास 24 सेंटिमीटर असेल आणि ते 10 सेंटिमीटर पाण्यात गेलं असेल, तर त्याने सुमारे साडेचार लिटर पाणी बाजूला सारलेलं असतं. म्हणजे पाणी साडेचार किलोच्या जोराने ते वर ढकलत असतं. हात किंचित तिरका झाला, की पातेलं डुचमळून कडेने उसळतं.

आता त्या पातेल्याच्या जागी चौकभर पसरलेलं तळघर ठेवा. त्यात माणसं नाहीत, गाड्या नाहीत, वर अजून एकही मजला चढलेला नाही. आजूबाजूला तलाव. पाण्यात इमारत बांधायची म्हटल्यावर आपल्याला पहिली भीती वाटते ती बुडण्याची. बांधणाऱ्या अभियंत्याला मात्र सगळ्यात आधी उलटी काळजी असते : ही इमारत वर येऊ नये!

हे कळलं त्या दिवसापासून पाण्याकाठच्या इमारतींकडे बघायची माझी नजरच बदलली. त्यातली एक इमारत तर मनातून जात नाही. तिचं नाव स्लाउसहाउस. डच भाषेत ‘स्लाउस’ म्हणजे कालव्यावरचं, बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारं दार आणि ‘हाउस’ म्हणजे घर. अ‍ॅमस्टरडॅमच्या पूर्वेला, आयमेर नावाच्या तलावाच्या पाण्यातच ती उभी आहे. डेन्मार्कचे वास्तुरचनाकार ब्यार्के इंगल्स यांचा ‘बिग’ हा समूह आणि रॉटरडॅमचे ‘बारकोड आर्किटेक्ट्स’ या दोघांनी मिळून तिचं आरेखन केलं. 2022 मध्ये ती पूर्ण झाली. तिच्यात 442 घरं आहेत.

दुरून पाहिलं तर वाटतं, मधे चौक असलेला एक भलामोठा वाडा कुणीतरी एका कोपऱ्याला धरून अलगद वर उचललाय. उचललेल्या कोपऱ्याखालून तलावाचं पाणी थेट चौकात शिरतं. आपल्या वाड्याच्या चौकात तुळशीवृंदावन असायचं, इथल्या चौकात होड्या येतात.

घावनांवर घावन

ही इमारत कुठे उभी आहे ते आधी बघू, कारण तिथली जमीनही माणसानेच केलेली आहे. आयमेर हा एके काळी जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या एका मोठ्या फाट्याचा भाग होता. 1932 साली डच लोकांनी त्या फाट्याच्या तोंडावर 32 किलोमीटर लांबीचा बांध पुरा केला. समुद्र बाहेर राहिला. आत नद्यांचं पाणी येत राहिलं आणि काही वर्षांत खाऱ्याचं गोडं झालं. याच गोड्या पाण्यात पुढे बेटं उभारून आयबुर्ख नावाची वस्ती वसवायचं ठरलं. तलावाचं काय होईल या काळजीने त्याला मोठा विरोध झाला. 1997 साली सार्वमत घेतलं गेलं. मत देणाऱ्यांत विरोधक जास्त होते, पण सार्वमत बंधनकारक ठरायला लागणारा आकडा भरला नाही आणि काम पुढे गेलं. पहिले रहिवासी 2002 मध्ये राहायला आले.

ही बेटं करायची रीत मोठी सुंदर आहे. तलावाचा तळ मऊ चिखलाचा. त्यावर एकदम वाळूचा ढीग ओतला, तर ओझ्याने चिखल कडेने बाहेर फसकन येतो आणि ढीग आत बसतो. म्हणून वाळू पाण्यात मिसळून पातळ थरात फवारतात. तो थर बसू देतात, मग त्यावर दुसरा, मग तिसरा. डच लोक याला पॅनकेकची पद्धत म्हणतात, आपण घावनांवर घावन म्हणू. घाई केली तर मोडतं, थांबलं तर जमतं. दर थराबरोबर खालच्या चिखलातलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि चिखल घट्ट होत जातो.

तरी त्या बेटावर किंवा तळावर इमारत नुसती ठेवून चालत नाही. भार खालच्या पक्क्या वाळूपर्यंत पोचवावा लागतो. ही विद्या अ‍ॅमस्टरडॅमला शतकानुशतकं अवगत आहे. तिथल्या डॅम चौकातला राजवाडा सतराव्या शतकात नगरभवन म्हणून बांधला गेला. तो 13,659 लाकडी खांबांवर उभा आहे. तिथल्या मुलांना हा आकडा कसा पाठ करायचा ते शिकवतात : वर्षाचे दिवस 365, त्याच्या आधी 1 आणि नंतर 9. खांब सुमारे बारा मीटर खालच्या वाळूच्या थरात रुतवलेले. इतक्या वर्षांत ते कुजले कसे नाहीत? कारण ते पूर्ण पाण्याखाली आहेत. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते आणि तिथे हवा पोचत नाही. उलट भूजलाची पातळी उतरली आणि खांबांची डोकी उघडी पडली, की धोका सुरू होतो. म्हणजे ज्या पाण्याची आपल्याला भीती वाटते, त्याच पाण्याने तो राजवाडा जपलाय.

पाण्यात ओतलेलं काँक्रीट

आता मूळ आश्चर्याकडे येऊ. तलावात कोरडं तळघर कसं बांधायचं?

सरळ उत्तर सुचतं ते असं : चारी बाजूंनी भिंत घाला, आतलं पाणी उपसा, खोदा आणि बांधा. पण हे करायला गेलं तर घात होतो. आतलं पाणी काढलं की बाहेरच्या पाण्याचा दाब खड्ड्याच्या तळाखालून वर उसळी मारतो. तळाची माती फुगते, फुटते, आणि खड्डा खालून भरतो. म्हणून नेदरलँड्समध्ये रुळलेली रीत याच्या उलट आहे. खोदायचं, खांब ठोकायचे, तळ ओतायचा आणि हे सगळं होईपर्यंत खड्ड्यात पाणी तसंच राहू द्यायचं.

आधी पोलादी पत्रे एकमेकांच्या खाचेत अडकवत, ठोकत ठोकत सभोवार कुंपण केलं जातं. आतली माती पाण्याखालूनच उपसतात. तरत्या तराफ्यावरची यंत्रं तळात खांब रोवतात. मग पाणबुडे उतरतात. गढूळ पाण्यात त्यांना हातभर पुढचंही धड दिसत नाही. हाताने चाचपत ते खांबांची डोकी आणि पत्र्याच्या खाचा साफ करतात, कारण तिथे गाळ राहिला तर काँक्रीट चिकटणार नाही आणि पुढे तिथूनच पाणी झिरपेल.

आणि मग पाण्यात काँक्रीट ओततात. ऐकताना हे खोटं वाटतं. पाण्यात काँक्रीट विरघळून जाणार नाही का? ते वाळणार कसं?

काँक्रीट वाळून घट्ट होतच नाही! सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग पावतं, त्यातून स्फटिक वाढतात, एकमेकांत गुंततात आणि खडी-वाळूला आवळून धरतात. त्याला पाणी हवंच असतं. आपल्या मिस्त्र्यांना हे कुणी रसायनशास्त्रातून शिकवलेलं नसतं, पण ते रोज तेच करतात : स्लॅब पडला की दुसऱ्या दिवशी त्यावर सिमेंटची आळी करून पाणी साठवतात, खांबांना गोणपाट गुंडाळून सकाळ-संध्याकाळ पाणी मारतात. तलावाच्या तळाशी ओतलेल्या काँक्रीटवर कुणाला वेगळं पाणी मारावं लागत नाही, इतकंच.

विरघळण्याची भीती मात्र खरी आहे. काँक्रीट वरून पाण्यात टाकलं तर पडता पडता सिमेंट धुऊन जाईल आणि तळाशी नुसती खडी साचेल. त्यावर उपाय म्हणजे ट्रेमी पाइप. लांब नळी थेट तळापर्यंत सोडतात आणि तिचं तोंड ओल्या काँक्रीटच्या ढिगात कायम बुडवून ठेवतात. नवा माल त्या ढिगाच्या पोटात शिरतो आणि ढीग आतून फुगत पसरतो. पाण्याला स्पर्श होतो तो फक्त वरच्या सायीला. आतला सगळा माल पाण्यापासून सुरक्षित. नळीचं तोंड एकदा जरी चुकून वर आलं, तर त्या जागी धुतलेल्या काँक्रीटचा पट्टा राहतो. म्हणून ओतणं सुरू झालं की ते अखंड चालतं.

पाचाचं गणित

काँक्रीट पुरेसं कडक झालं की पंप लावतात. पाणी उतरू लागतं आणि जिथे काल पाणबुडे चाचपडत होते, तिथे माणसं गमबूट घालून चालू लागतात. सभोवार तलाव आहे, डोक्याच्या वर पाण्याची पातळी आहे आणि पायाखाली कोरडी लादी.

पण नेमका हाच क्षण सर्वांत धोक्याचा. इथे एक सोपं गणित करून बघू. लादीचा खालचा पृष्ठभाग पाण्याच्या पातळीखाली पाच मीटर आहे असं धरा. दर मीटर खोलीमागे पाणी दर चौरस मीटरला एक टन जोराने दाबतं. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला खालून पाच टनांची ढकल. वरून तिला विरोध करायला काय आहे? लादी एक मीटर जाड असेल तर तिचं स्वतःचं वजन, सुमारे 2.4 टन. पाचातून 2.4 गेले. उरलेले 2.6 टन कोण पेलणार?

ते पेलतात खांब. जे खांब आपण इमारतीला खाली आधार द्यायला आहेत असं समजतो, ते या क्षणी इमारतीला खाली धरून ठेवतात. वाळूत घट्ट रुतलेला खांब लादीला म्हणतो : वर जायचं नाही. मोठं झाड वादळात उपटलं जाऊ नये म्हणून मुळं जे करतात, तेच काम.

मग मजले चढू लागतात. घरांच्या इमारतीचा एक काँक्रीटचा मजला भिंती-फरशीसकट दर चौरस मीटरला साधारण एक टन धरता येतो. पहिला मजला झाला, खांबावरचा ताण कमी झाला. दुसरा झाला, आणखी सैल. तिसऱ्याच्या आसपास एक वेळ अशी येते की वरचं वजन आणि खालची ढकल बरोबर जुळते. त्या दिवशी खांबाला ना वर ओढ असते ना खाली दाब. बाहेरून काहीच दिसत नाही. कामगार वीट-पत्रा वाहत असतात, क्रेन फिरत असते. पुढचा मजला चढतो आणि तोच खांब, जो आजवर इमारतीला खाली खेचत होता, तो आता तिला तोलून धरू लागतो. एकाच खांबाच्या आयुष्यात दोन जन्म.

जिथे वर मजले नाहीत, नुसतंच अंगण किंवा पाणी आहे, तिथल्या खांबांना मात्र हा दुसरा जन्म मिळत नाही. ते इमारत असेपर्यंत तिला खाली धरूनच ठेवतात.

कोपरा का उचलला?

एवढं सगळं पाण्याखाली. आता पाण्यावरचं.

चौकाची इमारत जुनीच कल्पना आहे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तशा असंख्य आहेत, पुण्या-नाशकातल्या वाड्यांतही तीच. तिची एकच अडचण. बाहेरच्या खोल्यांना रस्ता दिसतो, आतल्यांना समोरची भिंत. तलावात अशी इमारत बांधली तर अर्ध्या घरांना तलावच दिसणार नाही. स्लाउसहाउसच्या रचनाकारांनी यावर दोन हालचाली केल्या. तलावाकडचा कोपरा वर उचलला, त्यामुळे पाणी, वारा आणि दूरचं क्षितिज चौकाच्या आत आलं. विरुद्ध बाजूला, जिथे वस्तीतली कमी उंचीची घरं आहेत, तिथे इमारत पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरवली. त्यामुळे शेजाऱ्यांवर उंच भिंत आली नाही, चौकात ऊन उतरलं आणि प्रत्येक पायरीवर कुणाची तरी गच्ची झाली. दोन हालचालींत दृश्य, प्रकाश आणि शेजारधर्म. मला या रचनेत हेच सगळ्यात जास्त भावतं. आकार विलक्षण दिसतो, पण त्याच्या प्रत्येक वळणामागे साधं कारण आहे.

पण उचललेला कोपरा अधांतरी राहतो कसा? हे समजायला घराचा छज्जा पुरे. छज्ज्याचं एक टोक भिंतीत, दुसरं मोकळं. वजनाने मोकळं टोक खाली झुकू पाहतं, तेव्हा छज्ज्याची वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच. म्हणून छज्ज्यामध्ये मुख्य सळया वरच्या बाजूला घालायच्या असतात. जाणता मिस्त्री ओतकामाच्या वेळी सळयांवर कुणी पाय देऊन त्या खाली दाबत नाही ना, यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतो. सळई दोन इंच खाली गेली, तर छज्जा सेंटरिंग काढल्याबरोबर मोडू शकतो.

मजलेच्या मजले बाहेर काढायचे तर नुसती जाड लादी पुरत नाही. लाकडी पट्टी घ्या. आडवी धरून टोकाला दाबली तर वाकते. तीच उभ्या कडेवर धरली तर ताठ राहते. पट्टीची उभी खोली वाढली की ताठपणा तिच्या घनाच्या पटीत वाढतो : दुप्पट खोलीला आठपट. म्हणून अशा लोंबत्या भागात अनेक मजले मिळून एकच प्रचंड उभी पट्टी होऊन काम करू शकतात. शिवाय कोपऱ्यावर दोन बाजू काटकोनात भेटतात. एक सपाट पोस्टकार्ड टेबलावर उभं राहत नाही. मधे घडी घालून काटकोन केला की तेच उभं राहतं. दोन्ही पाखं एकमेकींना कलंडू देत नाहीत.

न रंगवलेला धातू

स्लाउसहाउसला बाहेरून रंग दिलेला नाही. तिच्या अंगावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आहेत, तेही कोरे. उचललेल्या कोपऱ्याखालून होडी जाते तेव्हा वर छताच्या जागी हाच धातू असतो आणि खालच्या पाण्याचे हलते कवडसे त्यावर नाचतात. ढगाळ दिवशी इमारत राखी, मावळतीला तांबूस. म्हणजे तिचा रंग दर तासाला तलाव आणि आकाश ठरवतात.

कोरा धातू पाण्याकाठी टिकतो कसा? आपल्या घरातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यासारखाच. या धातूला हवा लागताक्षणी त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर धरतो आणि तो थरच पुढची झीज अडवतो. ओरखडा उठला तर नवा थर आपोआप येतो. पातेलं वर्षानुवर्षं वापरून निस्तेज होतं, पण त्याला लोखंडासारखा गंज चढून भोक पडत नाही, ते यामुळेच.

इथे आपल्या समुद्राकाठच्या घरांची आठवण येतेच. आयमेरचं पाणी गोडं आहे, ही स्लाउसहाउसला मिळालेली मोठी सवलत. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या इमारतींना ती नाही. समुद्राच्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतं. काँक्रीटमधल्या क्षारतेमुळे सळईवर एक रक्षक थर असतो, मिठातलं क्लोराइड तो फोडतं. सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुगून फुटतं. चौपाटीजवळच्या इमारतीत सज्ज्याखालचा गिलावा पडून तांबड्या सळया उघड्या दिसतात, त्यामागे हे कारण असतं. यावर उपाय साधे आहेत : सळईवर काँक्रीटचं पुरेसं आवरण, घट्ट मिश्रण, आणि पुरेसे दिवस मारलेलं पाणी. सात दिवसांचं पाणी तीन दिवसांत उरकलं, तर ती चूक वीस वर्षांनी छताला दिसते.

शेजारची घरं

आयबुर्खच्याच एका बेटाला लागून आणखी एक वस्ती आहे. तिथली घरं पाण्याशी झगडतच नाहीत, सरळ तरंगतात. काँक्रीटच्या टबावर दोन-तीन मजली घर, आणि ते सरकू नये म्हणून बाजूला पोलादी खांब. पाणी चढलं की घर खांबाला धरून वर सरकतं, उतरलं की खाली. ही घरं दूर एका गोदीत बांधली आणि बोटींनी ओढत आणली. कालव्याच्या दारांतून जायचं असल्यामुळे त्या दारांची रुंदीच घराची रुंदी ठरवून गेली. जड वस्तू एका बाजूला ठेवल्या तर घर कलतं, म्हणून तिथे राहणाऱ्याला तोल सांभाळावा लागतो.

एक घर तरंगतं, शेजारची इमारत तरंगायचं नाकारते. दोन्ही पद्धती एकाच नियमावर उभ्या आहेत : जेवढं पाणी सारलं, तेवढी वरची ढकल. आर्किमिडीजने हे दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी मांडलं. पाण्याने त्यात आजवर कुणाला सूट दिलेली नाही.

स्लाउसहाउसची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या बाजूवरून एक वाट थेट छपरापर्यंत चढते आणि ती सर्वांसाठी खुली असावी अशीच रचना केली गेली. घर विकत घेतलेलं नसलं तरी कुणालाही वर जाऊन तलाव बघता यावा, ही त्यामागची कल्पना. खाली होडीघरांसाठी 34 जागा आणि पाण्याकडे जाणारे धक्के आहेत. पाण्याकाठची जागा महाग असते, म्हणून ती बहुधा कुंपणामागे जाते. इथे 442 घरं बांधूनही पाणी आणि आकाश लोकांसाठी मोकळं ठेवता आलं. आपल्याकडे समुद्राकडे तोंड करून जे मनोरे उठतायत, त्यांच्याकडून मला उंचीपेक्षा हे एवढंच हवं आहे.

शेवटी तुम्हाला एक काम. पुढच्या पावसाळ्यात मुंबईत किंवा ठाण्यात एखाद्या बांधकामापाशी पत्र्याच्या कुंपणातून जाड नळी बाहेर आलेली दिसली आणि पंप रात्रंदिवस पाणी फेकत असला, तर क्षणभर थांबा. तो पंप नुसता खड्डा कोरडा ठेवण्यासाठी चाललेला नसेल. आत रिकामं तळघर आहे, जमिनीतलं पाणी चढलेलं आहे आणि ते तळघराला खालून ढकलतंय. वर पुरेसं वजन येईपर्यंत तो पंप बंद करता येत नाही. कितव्या मजल्याला तो थांबतो, ते मोजून बघा.